अधिवृक्क ग्रंथी पुन्हा जागी होईपर्यंत

दमा, संधिवात अथवा त्वचेच्या एखाद्या चिवट विकारासाठी महिनोन्महिने स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्या रुग्णास घरची मंडळी एक सल्ला हमखास देतात : "ही गोळी वाईट. ती आधी बंद कर." सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि त्यात अर्धे सत्यही असते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. उरलेले अर्धे सत्य मात्र फारसे कुणाच्या कानावर गेलेले नाही. ही गोळी घेत असताना शरीराने स्वतःचे तेच द्रव्य बनविणे थांबविलेले असते. आणि गोळी एकाएकी बंद केली, तर शरीराजवळ बाहेरचेही द्रव्य राहत नाही व स्वतःचेही राहत नाही. या अवस्थेस वैद्यकात 'दुय्यम अधिवृक्क अकार्यक्षमता' असे म्हणतात. वेळीच ओळखली नाही, तर ती जिवावर बेतू शकते. ओळखली आणि धीर धरला, तर बहुसंख्य रुग्णांत शरीराचे नैसर्गिक कार्य पुन्हा सुरू होते. हे कार्य कसे थांबते, कसे परत येते आणि मधल्या काळात रुग्णाने कसे वागावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन ग्रंथींची साखळी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एकेक लहान ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. हीच अधिवृक्क ग्रंथी. तिच्या बाहेरील थरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार होते. रक्तदाब टिकविणे, उपाशीपोटी रक्तातील साखर फार खाली जाऊ न देणे, दाह आटोक्यात ठेवणे आणि ताप, अपघात, शस्त्रक्रिया यांसारख्या प्रसंगी शरीरास तग धरावयास लावणे, ही कॉर्टिसॉलची कामे होत. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते. जुन्या पाठ्यपुस्तकांत याच्या दुपटीहून मोठा आकडा आढळतो. पुढे अधिक अचूक मोजमापे झाली तेव्हा तो खाली आला. मोठ्या आजारात मात्र हेच उत्पादन अनेक पटींनी वाढते, आणि ते वाढू शकते म्हणूनच माणूस आजारातून उठतो.

ही ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो त्याखालील पीयूषिका ग्रंथीस संदेश देतो; पीयूषिका 'एसीटीएच' नावाचे संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते पोहोचले की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनविते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की त्याची वार्ता उलट दिशेने मेंदूपर्यंत जाते आणि वरचे संदेश मंदावतात. कालव्याचे पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोहोचल्याचे कळताच वरचे दार खाली करावे, तसाच हा प्रकार. या साखळीस घड्याळाचीही जाण असते. पहाटे संदेश वाढू लागतात, सकाळी जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास ते अगदी थोडे उरते.

बाहेरून स्टेरॉइड दिले असता मेंदूला ते बाहेरचे आहे हे ओळखता येत नाही. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी ही सुमारे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या तोडीची असते, आणि हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे औषधरूपातील कॉर्टिसॉलच. डेक्सामेथासोन तर अर्ध्या ते पाऊण मिलिग्रॅममध्येच तेवढे काम करते, आणि त्याचा अंमलही अधिक काळ टिकतो. वरचे दार असे कायमचे खाली राहिले की एसीटीएच येत नाही आणि काम नसलेल्या स्नायूप्रमाणे अधिवृक्क ग्रंथीचा तो थर रोडावत जातो. तीन-चार आठवड्यांहून कमी काळ औषध घेतले असेल, तर सहसा ही वेळ येत नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने प्राणवायू द्यावा लागणाऱ्या कोविड रुग्णांसाठी रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन उपयुक्त ठरविले, ते जास्तीत जास्त १० दिवसांसाठी होते. पुढे काही रुग्ण तीच गोळी स्वतःच्या विचाराने कित्येक आठवडे घेत राहिले; त्यांची गोष्ट वेगळी.

एका शोधाची दुसरी बाजू

अधिवृक्क ग्रंथी नष्ट झाल्यास माणूस खंगत जातो, हे लंडनच्या गाइज रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली दाखविले. त्या काळी या नाशामागे बहुधा क्षयरोग असे. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइशस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगभर या औषधाचा जयजयकार झाला, आणि तो अनाठायी नव्हता.

परंतु १९५२ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक हकिगत प्रसिद्ध झाली. संधिवातासाठी कॉर्टिसोन घेतलेल्या एका रुग्णावर हाडाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो काही केल्या वर आला नाही. मरणोत्तर तपासणीत त्याच्या अधिवृक्क ग्रंथी रोडावलेल्या आढळल्या. औषधाने आजार बरा केला होता. पण शस्त्रक्रियेच्या घटकेस लागणारी शरीराची स्वतःची शिबंदी त्याच औषधाने घरी पाठविली होती.

मग ती परत येते काय, आणि किती काळाने? या प्रश्नाचे पहिले नीट उत्तर १९६५ साली मिळाले. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील डॉ. ग्रँट लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दीर्घकाळ दडपली गेलेली ही साखळी मोकळी झाल्यावर रुग्णांच्या रक्तातील दोन्ही संप्रेरके महिनोन्महिने मोजली. पहिल्या महिन्यात एसीटीएच कमी आणि कॉर्टिसॉलही कमी. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात एसीटीएच पूर्ववत झाले, किंबहुना नेहमीपेक्षा वर गेले. कॉर्टिसॉल मात्र कमीच. सहाव्या ते नवव्या महिन्यात कॉर्टिसॉल पातळीवर आले, तरी पीयूषिकेस अजून जादा जोर लावावा लागत होता. नवव्या महिन्यानंतर दोन्ही आपापल्या जागी आली. म्हणजे वरची ग्रंथी आधी जागी होते आणि खालची मागाहून. आज आपण जे 'हळूहळू मात्रा कमी करा' असे सांगतो, त्यामागे ही नऊ महिन्यांची निरीक्षणे आहेत. अर्थात प्रत्येकाचा काळ सारखा नसतो. कोणाची साखळी काही आठवड्यांत सुरू होते, कोणाला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि थोड्या रुग्णांत ती पूर्ववत होतच नाही.

वरून भरपूर, आत रिकामे

आपल्याकडे हा विकार कसा समोर येतो, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, साठीच्या घरातील एक शेतकरी बाई गुडघेदुखीसाठी तीन वर्षे कुणा वैदूकडील पुडी घेत आहेत. पुडीत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. पण ती घेतली की दुखणे पळते आणि भूकही लागते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. पुढे चेहरा गोल होतो, दंडावर निळे डाग पडतात, तेव्हा सून म्हणते, "आत्याबाई, ते औषध नका घेऊ." पुडी बंद होते. आठवडाभरात अन्नावरची वासना जाते, मळमळते, अंग ठणकते, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. अशक्तपणा म्हणून सलाइन लावले जाते. दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. त्यातच जुलाब सुरू झाले की बाई निपचित पडतात.

अशा रुग्णाकडे पाहून शरीरात काही कमी पडले आहे असे कुणाला वाटत नाही. कारण अंगावरची सूज आणि गोल चेहरा अजून तसाच असतो. वरून अतिरेकाची खूण आणि आत संपूर्ण तुटवडा, अशी ही फसवी अवस्था आहे. ॲडिसनच्या मूळ विकारात त्वचा काळवंडते, तशी खूणही येथे मिळत नाही. कारण त्वचेस काळपणा आणणारे एसीटीएचच येथे कमी असते. मीठ सांभाळणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मुख्यत्वे मूत्रपिंडाच्या हुकमावर चालत असल्याने ते शाबूत राहते, आणि त्यामुळेही निदान लांबते. म्हणून 'गेल्या वर्षभरात कोणती गोळी, पुडी, इंजेक्शन, दम्याचा पंप किंवा मलम वापरले?' हा प्रश्न येथे फार मोलाचा ठरतो. गोरेपणासाठी अथवा नायट्यासाठी अंगभर चोळलेले तीव्र स्टेरॉइड मलमही त्वचेतून रक्तात जाते. केंद्र शासनाने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, ती उगाच नव्हे. बुरशीवरील इट्राकोनॅझोल या औषधाने काही स्टेरॉइडांचा अंमल वाढतो, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने कॉर्टिसॉल लवकर नष्ट होते. क्षयाचे उपचार सुरू होताच रुग्ण अधिकच खचला, तर या शक्यतेचाही विचार व्हावा.

मात्रा कशी उतरवावी

जिना उतरताना वरच्या पायऱ्या भराभर उतरल्या तरी चालते. खालच्या पायऱ्यांवर मात्र काळजी घ्यावी लागते. प्रेडनिसोलोनची मात्रा मोठी असेल तेव्हा मूळ आजार आटोक्यात आहे हे पाहून ती दर आठवड्यास ५ मिलिग्रॅमने वा त्याहूनही अधिक वेगाने कमी करता येते. ५ मिलिग्रॅमच्या आसपास आपण शरीराच्या नैसर्गिक गरजेपाशी येऊन पोहोचतो. येथून पुढे महिन्याला १ मिलिग्रॅम असा संथ उतार ठेवतात, किंवा त्या मात्रेवर थांबून ग्रंथी जागी झाली काय याची तपासणी करतात. काही रुग्णांना या टप्प्यावर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन देतात. दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, सर्वांत मोठा भाग सकाळी उठताच. त्याचा अंमल लवकर ओसरतो आणि पहाटे मेंदूस शरीर 'रिकामे' असल्याची जाणीव होऊन संदेश सोडावासा वाटतो. याच कारणासाठी रात्री उशिरा मात्रा घेऊ नये. डेक्सामेथासोनसारख्या दीर्घ अंमलाच्या औषधावर राहून साखळी जागी होण्याची वाट पाहणे, म्हणजे दिवा चालू ठेवून झोपेची वाट पाहण्यासारखे आहे.

या काळात रुग्णास बरे वाटत नाही, हे डॉक्टरांनी त्यास आधीच सांगून ठेवले पाहिजे. सांधे दुखतात, उत्साह नसतो, मन उदास होते. पुष्कळदा मात्रा शरीराच्या गरजेपेक्षा अधिक असतानाही असे होते. कारण शरीरास मोठ्या मात्रेची सवय जडलेली असते. हा त्रास तुटवड्यामुळे, सवय सुटण्यामुळे की मूळ आजार उसळल्यामुळे, हे ठरविणे अनुभवी वैद्यकालाही सोपे नसते. अशा वेळी एक पायरी वर जाऊन काही आठवडे थांबण्यात कमीपणा नाही.

तपासणी साधी आहे. सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात. त्याआधी २४ तास स्टेरॉइडची मात्रा घेतलेली नसावी; हे सुद्धा डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. युरोप व अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२४ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, हा आकडा प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल, तर साखळी पूर्ववत झाली असे समजून औषध थांबविता येते. तो ५ च्या खाली असेल, तर तीच मात्रा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहतात. मधल्या आकड्यांत औषध चालू ठेवून काही आठवड्यांनी वा महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात, किंवा एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथी प्रतिसाद देते काय हे तपासतात. आकड्याचा अर्थ लावताना थोडी चौकशी करावी लागते. संततिनियमनाच्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत तो उगाच मोठा दिसतो. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात कायम रात्रपाळी करणाऱ्या कामगाराची 'सकाळ' घड्याळातील सकाळीच होईल असे नाही.

ग्रंथी लवकर जागी करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. 'अधिवृक्क शक्तिवर्धक' म्हणून विकली जाणारी चूर्णे, कॅप्सूल अथवा जीवनसत्त्वांची इंजेक्शने हे काम करीत नाहीत. काहींत तर गुपचूप स्टेरॉइडच असण्याचा धोका असतो, आणि मग ज्या दारातून बाहेर पडावयाचे, त्याच दारातून रुग्ण पुन्हा आत जातो. पुरेशी झोप, वेळेवर जेवण, हलका व्यायाम यांनी माणसास बरे वाटते, हाडे व स्नायू सावरतात. ते अवश्य करावे. ग्रंथी मात्र आपल्या वेळेनेच उठते.

वाट पाहण्याच्या काळात

या काळात रोजच्या साध्या दिवसापुरते औषध पुरते. प्रश्न येतो तो आजारपणाच्या दिवशी. निरोगी माणसाचे शरीर तापात जादा कॉर्टिसॉल बनविते. या रुग्णाचे ते बनवू शकत नाही. म्हणून ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्याने मात्रा दुप्पट वा तिप्पट करावी आणि ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत पूर्ववत आणावी, असा नियम आहे. प्रेडनिसोलोन घेणाऱ्याने किती वाढवावे हे त्याच्या चालू मात्रेवर अवलंबून असल्याने ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे. वांत्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर घरी थांबू नये. हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन स्नायूत वा शिरेत देणे आणि सलाइन लावणे हा त्यावरील उपाय. हे इंजेक्शन स्वस्त असून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. शंका असल्यास रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता ते द्यावे, कारण एका इंजेक्शनाने अपाय होण्याचा संभव अत्यल्प असतो आणि न दिल्याने होणारे नुकसान भरून येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली की 'यांना स्टेरॉइड चालू आहे, ते चुकू द्यायचे नाही' हे वाक्य घरच्यांनी सर्वप्रथम सांगावे. त्यासाठी खिशात किंवा पर्समध्ये तशी चिठ्ठी मराठीत व इंग्रजीत असावी.

उपवासाचाही येथे विचार करावा लागतो. नवरात्रात, एकादशीस वा रमजानमध्ये गोळी चुकविणे या रुग्णास परवडणारे नाही. सण तोंडावर येण्यापूर्वीच वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आषाढी वारीस पायी जाणाऱ्याने औषधाचा साठा दोन ठिकाणी ठेवावा, एक स्वतःजवळ आणि एक दिंडीतील सोबत्याजवळ.

सर्वच रुग्णांत ग्रंथी परत येत नाही, हेही सांगितले पाहिजे. पीयूषिका ग्रंथीच इजा पावलेली असेल, तर संदेश पाठविणारेच कुणी उरत नाही. प्रसूतीच्या वेळी अतोनात रक्तस्राव होऊन ही ग्रंथी मृतवत होते. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ शीहान यांनी १९३७ साली वर्णिलेला हा विकार आपल्या ग्रामीण भागातून नाहीसा झालेला नाही. बाळंतपणानंतर अंगावर दूध न येणे, पाळी पुन्हा सुरू न होणे, वर्षानुवर्षे थकवा राहणे, ही त्याची लक्षणे. 'बाळंतपणापासून तब्येत कधी धरलीच नाही' असे सांगणारी बाई गावोगाव भेटते. त्यांतील काहींची ही एक रक्ततपासणी व्हावयास हवी. अशा रुग्णास औषध जन्मभर घ्यावे लागते, आणि ते घेऊन घरची व शेतीची कामे नीट करता येतात. वर्षभर वाट पाहूनही ज्याची ग्रंथी जागी झाली नाही, त्याने अंतःस्रावतज्ज्ञास दाखवावे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

गोळी सुटल्यानंतरचे पहिले वर्षही थोडे जपण्याचे असते. रोजचे कॉर्टिसॉल पुरेसे बनू लागले, तरी मोठ्या प्रसंगी एकदम पुष्कळ बनविण्याची ताकद मागाहून येते. म्हणून त्या वर्षात दात काढावयाचा असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो की अपघातानंतर हाड बसवावयाचे असो, 'मला अमुक महिन्यापर्यंत स्टेरॉइड चालू होते' हे भूल देणाऱ्या डॉक्टरांस रुग्णाने स्वतः होऊन सांगावे, आणि जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकू नयेत.